उसन्या आवरणातला विषाणू

घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की पहिली चर्चा होते पथ्याची. तेल-तूप बंद, हळद बंद, उसाचा रस सुरू. गावाकडे अजूनही कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावून कावीळ उतरवतं. कुणी गळ्यात माळ घालतं, आणि माळ लांबत गेली की दुखणं उतरलं असं मानलं जातं. रोगी बराही होतो. हिपॅटायटिस ए या विषाणूची कावीळ बहुतेकांची आपली आपणच बरी होते, आणि श्रेय निवळीला नाहीतर माळेला मिळतं.

पण डोळे पिवळे झाले त्या दिवसापासून मोजायला लागलं की या आजाराची अर्धीअधिक हकीकत हातातून निसटते. विषाणू पोटात गेल्याला तोवर सरासरी २८ दिवस होऊन गेलेले असतात. कधी १५, कधी ५०. एवढ्या अवधीत तो रक्तातून यकृतात पोचलेला असतो, तिथल्या पेशींत वाढलेला असतो, पित्तावाटे आतड्यात उतरून विष्ठेतून बाहेर पडू लागलेला असतो. विष्ठेत तो सर्वांत जास्त असतो तो कावीळ दिसण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. त्या दिवसांत माणूस कामावर जातो, घरच्यांचे डबे करतो, लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहतो. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना तर पुढेही कावीळ दिसत नाही. ती विषाणू बाहेर टाकत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

यकृतासारख्या मोठ्या अवयवात विषाणू असा वाढत असताना शरीर गप्प कसं राहतं? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग २०१३ मध्ये हाती आला. त्या उत्तराची वाट मात्र विषाणूंपासून सुरू झाली नव्हती. ती सुरू झाली मेंढीच्या आणि उंदराच्या रक्तापासून.

१९८३ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन आणि अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप स्टाल यांचे गट एकाच कोड्याशी झुंजत होते. कोवळ्या तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर लोह आत घेणारे ग्राहक असतात. पेशी पिकली की त्यांची गरज संपते आणि ते नाहीसे होतात. जातात कुठे? दोन्ही गटांना दिसलं ते असं: पेशी हे ग्राहक आधी आत ओढून घेते. आत एका मोठ्या कप्प्यात त्यांच्या अतिसूक्ष्म पुटिका तयार होतात. मग तो कप्पा पेशीच्या बाहेरच्या पटलाला येऊन भिडतो, उघडतो आणि पुटिका बाहेर सोडून देतो. जॉनस्टोन यांनी त्यांना एक्झोसोम म्हटलं. पेशी स्वतःच्या पटलाला कोंब फोडूनही थोड्या मोठ्या पुटिका सोडते. या सगळ्यांना मिळून पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांतल्या लहान पुटिकांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास.

बरीच वर्षं या पुटिकांकडे पेशीचा केरकचरा म्हणूनच पाहिलं गेलं. १९९६ मध्ये रोगप्रतिकार यंत्रणेच्या बी पेशींच्या पुटिका दुसऱ्या पेशींना जागं करू शकतात असं दिसलं. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या यान लोटवाल यांच्या गटाने दाखवलं, की पुटिकांमध्ये आरएनए असतो, तो दुसऱ्या पेशीत पोचतो आणि तिथे त्यावरून प्रथिनंही बनतात. तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले. एका पेशीतून निघालेला आरएनए पटलात गुंडाळून दुसऱ्या पेशीत जातो आणि तिच्याकडून काम करून घेतो, हे वर्णन विषाणूचंही आहे.

साम्य वर्णनापुरतं नव्हतं. एचआयव्हीचा कण याच आकाराचा. पुटिका कापून मोकळी करण्यासाठी पेशीकडे प्रथिनांचं एक यंत्र असतं, आणि त्यातल्या टीएसजी १०१ नावाच्या प्रथिनाला हाताशी धरूनच एचआयव्ही पेशीबाहेर पडतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झालं होतं. २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या स्टीफन गुल्ड आणि सहकाऱ्यांनी तर मांडलं, की अशा विषाणूंनी एक्झोसोमची आयती वाटच ताब्यात घेतली आहे. त्यावर वाद झाले, अजून होतात. मला मात्र त्या मांडणीचं मोल वाटतं, कारण विषाणूच्या अभ्यासकांना पुटिकांकडे आणि पुटिकांच्या अभ्यासकांना विषाणूंकडे पाहायला तिने भाग पाडलं.

आता परत काविळीकडे येऊ.

हिपॅटायटिस ए चा विषाणू पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला १९७३ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या स्टीफन फाइनस्टोन, अल्बर्ट कापिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी रोग्यांच्या विष्ठेचे नमुने घेतले, प्रतिपिंडं घालून कण एकत्र आणले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २७ नॅनोमीटरचे गोलसर कण, प्रथिनांचं टणक कवच, आत आरएनए. बाहेर पटल नाही. म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्याची नोंद उघड्या विषाणूंमध्ये केली, पोलिओच्या कुळात. उघड्या विषाणूंचा शिरस्ता असा सांगितला जाई की ते पेशीत वाढतात, पेशी फोडतात आणि बाहेर पडतात.

या विषाणूने तो शिरस्ता कधीच पाळला नाही. प्रयोगशाळेत वाढवला तर पेशी फुटत नाहीत, आठवडेच्या आठवडे शाबूत राहतात, आणि तरी विषाणू बाहेर येत असतो. १९८५ मध्ये स्टॅन्ली लेमन आणि लिओनार्ड बिन यांनी आणखी एक विसंगती नोंदवली. प्रतिपिंडं भरपूर घातली तरी थोडा विषाणू निकामी व्हायचा राहतोच, आणि क्लोरोफॉर्मने चरबी काढून टाकली की तोही सापडतो. म्हणजे काही कणांभोवती चरबीचं काहीतरी चिकटलेलं होतं. निरीक्षण बिनचूक होतं. पण पुटिकांचं शास्त्र तेव्हा नुकतं जन्माला आलेलं होतं, आणि या चरबीचा अर्थ लावायला हाताशी काही नव्हतं. विज्ञानात अशा नोंदी पडून राहतात तेव्हा त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. कुणीतरी न पटणारी गोष्ट वगळली नाही, लिहून ठेवली.

अठ्ठावीस वर्षांनी, २०१३ मध्ये, लेमन यांच्याच गटाने ते कोडं उलगडलं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात झोंगडी फेंग आणि सहकाऱ्यांनी पेशींच्या द्रवातला विषाणू घनतेनुसार वेगळा केला, तेव्हा त्याचे दोन थर झाले. एक जड, ओळखीचा, उघडा. दुसरा हलका. हलक्या थरातले कण सूक्ष्मदर्शकाखाली ५० ते ११० नॅनोमीटरचे दिसले: पटलाची पुटिका, आणि तिच्या आत विषाणूची एक ते चार कवचं. आकाराने, घनतेने ती एक्झोसोमसारखीच. तिच्या पटलावर विषाणूचं ओळखू येईल असं प्रथिन नव्हतं. ते पटल पेशीचंच होतं. विषाणूच्या कवचातलं प्रथिन पेशीच्या ॲलिक्स या प्रथिनाशी जुळतं, आणि पुटिका तयार करणाऱ्या यंत्रात विषाणू चढवला जातो, हेही त्यांनी दाखवलं.

मग त्यांनी रक्त तपासलं. संसर्गाच्या सुरुवातीच्या काळातल्या माणसांच्या आणि चिंपांझींच्या रक्तात फिरणारा विषाणू हलका निघाला, पुटिकेत गुंडाळलेला. विष्ठेतला जड निघाला, उघडा. दोन्ही निरीक्षणं खरी होती. चाळीस वर्षं आपण त्याला उघडा म्हणत आलो, कारण तो आपल्याला विष्ठेत सापडला होता. जिथे पाहिलं तिथलं रूप आपण त्याचं एकमेव रूप धरून बसलो.

यकृतातल्या पेशीला दोन दारं असतात, एक रक्ताकडे आणि एक पित्ताकडे. विषाणू दोन्हीकडून पुटिकेतच बाहेर पडतो. रक्तात तो अंगरखा टिकतो. पित्तातली आम्लं चरबी विरघळवण्यासाठीच असतात. तिथे तो उतरतो आणि आतड्यात पोचतो ते टणक कवच. बाहेरच्या जगासाठी ते कवचच योग्य. जठरातल्या आम्लाला ते पुरून उरतं, नदीच्या पाण्यात टिकतं, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. शरीराच्या आत मात्र उघडं फिरणं धोक्याचं, कारण प्रतिपिंडं कवचाला ओळखतात. पटलाच्या आत त्यांना कवच दिसत नाही. पेशी न फोडता, पेशीच्याच नेहमीच्या वाटेने, पेशीच्याच पटलात गुंडाळून विषाणू एका यकृतपेशीतून दुसरीकडे जात राहतो. चार आठवड्यांच्या शांततेची सगळी कारणं यात नाहीत. पेशीतली धोक्याची सूचना दाबण्याची तजवीजही हा विषाणू करतो. पण मोठं कारण हे आहे. शेवटी रोगप्रतिकार यंत्रणेच्या टी पेशी संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात तेव्हा यकृताला सूज येते आणि डोळे पिवळे होतात. कावीळ ही बऱ्याच अंशी आपल्या प्रतिकाराचीच खूण आहे.

या उसन्या आवरणाचा एक जुना, दुःखद पुरावा रक्तपेढ्यांच्या इतिहासात आहे. हिमोफिलियाच्या रोग्यांना रक्त गोठवणारा घटक आठ बाहेरून द्यावा लागतो. तो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनतो, आणि त्यातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी जाऊ नयेत म्हणून त्यावर द्रावक आणि डिटर्जंट यांची प्रक्रिया केली जाऊ लागली. या विषाणूंचं पटल विरघळलं की ते संपतात, कारण पेशीत शिरायची त्यांची प्रथिनं त्या पटलावरच असतात. प्रक्रिया उत्तम होती. तरी इटलीत अशा शुद्ध केलेल्या घटकातून हिमोफिलियाच्या रोग्यांना हिपॅटायटिस ए झाला, असं पिएर मान्नुच्ची आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. आजच्या माहितीच्या उजेडात त्या घटनेकडे पाहिलं की सारं लख्ख दिसतं. रक्तातल्या विषाणूचं आवरण डिटर्जंटने खचितच उतरवलं असणार. पण ते त्याचं स्वतःचं नव्हतंच. आतलं कवच तसंच धडधाकट उरलं.

याच सवयीचा दुसरा विषाणू आपल्या देशाच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. १९५५ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी वजिराबादच्या पाणीपुरवठा केंद्रात शिरलं, आणि जानेवारीपर्यंत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांचे मृत्यू विशेष होते. त्या साथीतल्या रोग्यांचं रक्तजल जपून ठेवलेलं होतं, म्हणून पुढे दशकांनंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांना त्यावर काम करता आलं. ती साथ हिपॅटायटिस ए ची नव्हती. १९७८ मध्ये काश्मीरमध्ये अशीच साथ आली आणि मोहम्मद सुलतान खुरू यांनी हा वेगळाच आजार असल्याचं मांडलं. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क दह्यात मिसळून स्वतः खाल्ला. त्यांना कावीळ झाली, आणि त्यांच्या विष्ठेत नवा विषाणू दिसला. पुढे त्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं.

नमुना पुन्हा विष्ठेचाच, आणि नोंद पुन्हा 'उघडा विषाणू' अशीच. २००८ पासून जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात हिरोआकी ओकामोटो यांच्या गटाला दिसत गेलं, की रोग्यांच्या रक्तातला हा विषाणू पटलात गुंडाळलेला असतो आणि विष्ठेतला नसतो. विषाणूचं एक छोटं प्रथिन टीएसजी १०१ ला धरतं, तेच ज्याला एचआयव्ही धरतो, आणि पुटिकांच्या कप्प्यातून बाहेरची वाट काढतं. हे काम हिपॅटायटिस ए च्या पुटिकांच्या शोधाच्याही आधीचं आहे, आणि त्याचा उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही. दोन विषाणूंची कुळं वेगळी, पूर्वज वेगळे. पण दोघांनाही यकृतात राहायचं आणि पाण्यातून पसरायचं. दोघांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे गाठली.

हिपॅटायटिस ई महाराष्ट्राला नवा नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत घरोघरी कावीळ झाली, माणसं दगावली. ती साथ याच विषाणूची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या विषाणूची लागण जगात दरवर्षी सुमारे दोन कोटी लोकांना होते, आणि २०१५ मध्ये सुमारे ४४,००० मृत्यू झाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत लागण झालेल्या स्त्रियांतला मृत्युदर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. एवढा एक आकडा या विषयावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाचं समर्थन करायला पुरेसा आहे.

एकदा पुटिकांकडे लक्ष गेल्यावर इतर विषाणूंमध्येही त्या दिसू लागल्या. निहाल अल्तान-बोने यांच्या अमेरिकेतल्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की पोलिओचे विषाणू पुष्कळ संख्येने एका पुटिकेत बसून पेशी न फोडता बाहेर पडतात. २०१८ मध्ये त्यांनीच रोटा आणि नोरो या जुलाबाच्या विषाणूंबद्दल अशीच गोष्ट मांडली, आणि तिथे पुटिका विष्ठेतही टिकून होत्या. एकेकटा सुटा विषाणू पेशीत शिरला तर वाढीला लागेलच असं नसतं; झुंडीने एकदम शिरला तर बळ वाढतं. विषाणूचं एकक म्हणजे एक कण, असं समजून केलेली कितीतरी मोजमापं त्यामुळे पुन्हा तपासून पाहावी लागणार आहेत.

पुटिका नेहमी विषाणूला नेतातच असं नाही. कधी त्या नुसता आजार वाढवतात. डेंग्यूत घराघरांत एकच प्रश्न असतो, प्लेटलेट किती? पपईच्या पानांचा रस आणि रोज एक रक्ततपासणी. पण प्लेटलेट कमी होणं हा त्या आजाराचा एकच पैलू आहे. २०१९ मध्ये तैवानच्या अकादेमिया सिनिकातल्या गटाने दाखवलं, की डेंग्यूच्या विषाणूने चेतवलेल्या प्लेटलेट पुटिका सोडतात, आणि त्या पुटिका न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना इतकं भडकवतात की रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पांढऱ्या पेशींवरचे दोन ग्राहक रोखले तेव्हा उंदरांच्या मृत्यूंत मोठी घट झाली. मोजायची गोष्ट किती प्लेटलेट उरल्या ही आहे, तशी उरलेल्या आणि गेलेल्या प्लेटलेटांनी काय सोडलं हीही आहे.

गोचिडांवरचं कामही आपल्या जवळचं आहे. माकडताप हा गोचिडांतून पसरणारा आजार १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पुण्याच्या संस्थेने, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, ओळखला. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना झाला. त्याच कुळातला लँगट नावाचा सौम्य विषाणू वापरून अमेरिकेतल्या हमीदा सुलताना आणि गिरीश नीलकंठ यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की गोचिडाच्या पेशींतून निघालेल्या एक्झोसोममध्ये विषाणूचा आरएनए आणि प्रथिनं असतात आणि ते माणसाच्या पेशींना बाधा करू शकतात. लँगटचा निष्कर्ष माकडतापाला जसाच्या तसा लावणं चूक ठरेल. पण हा प्रयोग माकडतापाच्या विषाणूवर व्हावा, आणि तो पुण्यातच व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

एक इशारा इथे द्यायला हवा. मुंबई-पुण्यात आता एक्झोसोमच्या नावाने केस आणि त्वचा सुधारण्याचे महागडे उपचार विकले जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, नेब्रास्कात काही रोग्यांना गंभीर त्रास झाल्यावर, डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता नसलेल्या एक्झोसोम उत्पादनांबद्दल जाहीर सूचना काढली. इथवर वाचलेल्याच्या लक्षात धोका लगेच येईल. पुटिका आणि विषाणू आकाराने सारखे, घनतेने जवळचे. माणसाच्या पेशींतून पुटिका वेगळ्या काढताना विषाणू मागे ठेवणं चांगल्या प्रयोगशाळांनाही कठीण जातं.

मग लशीचं काय? प्रतिपिंडांना पटलाआडचा विषाणू दिसत नसेल तर लस कशी चालते? ती उत्तम चालते, याला पुरावे आहेत. कझाकस्तानातल्या अल्माटीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लागण झालेल्याच्या सहवासात आलेल्यांना दोन आठवड्यांच्या आत लस दिली तरी बहुतेकांचा बचाव झाला. पेशीत शिरल्यावर पुटिका आधी एका कप्प्यात जाते आणि तिथे तिचं पटल झिजतं. लेमन यांच्या गटाला दिसलं, की विषाणू पेशीला चिकटल्यावर काही तासांनी प्रतिपिंडं घातली तरी ती त्याला गाठू शकतात. आवरण उतरतं त्या आडोशाच्या जागीच ती पोचतात.

हिपॅटायटिस ए ची लस भारतात मिळते, २०२४ पासून हैदराबादमध्ये बनलेलीही. पण ती सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही. हिपॅटायटिस ई ची चीनमध्ये बनलेली लस २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंटियू छावणीत साथ चालू असतानाच दिली गेली, गरोदर स्त्रियांनाही. दरम्यान आपल्याकडचं चित्र पालटतं आहे. अरणकल्ले यांच्याच १९८२ ते १९९८ दरम्यानच्या पुण्यातल्या पाहणीत दिसलं, की पूर्वी जवळपास प्रत्येकाला लहानपणीच हिपॅटायटिस ए होऊन जाई, आणि सुस्थितीतल्या घरांत ते कमी होत चाललं. स्वच्छता सुधारली हे चांगलंच; पण लहानपणी न झालेला हा आजार मोठेपणी झाला तर अधिक कडक होतो. शेजारून गटार, मधून पिण्याची नळवाहिनी, दिवसातून दोन तास पाणी आणि उरलेले तास रिकामा नळ चिरांमधून बाहेरचं ओढत बसलेला, अशा शहरांत प्रतिकार नसलेले तरुण वाढत आहेत.

साथीची खबर आपल्याला अजूनही दवाखान्यांतून मिळते, म्हणजे डोळे पिवळे झाल्यावर. विष्ठेतला उघडा विषाणू तोवर आठवडा-दोन आठवडे सांडपाण्यात वाहत असतो. मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने २००१ पासून नियमित तपासले जातात, आणि कोविडच्या काळात पुण्यातही सांडपाण्यावर असं काम झालं. माणसं ठाऊक आहेत, नमुने घ्यायच्या जागा ठाऊक आहेत, चाचण्याही आहेत. त्याच बाटलीतल्या पाण्यात काविळीचे हे दोन विषाणू दर आठवड्याला शोधले जावेत, आणि ते सापडले त्याच दिवशी त्या वॉर्डातल्या नळाच्या पाण्याचं क्लोरीन तपासलं जावं.